झोपेत दात कोण खातं?

दिवाळी अंकात दातांच्या डॉक्टरणीनं लिहावं असं ज्यांना सुचलं, त्यांच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. फराळाच्या ताटाशेजारी उघडून ठेवायच्या अंकात किडलेल्या दाढा कुणाला हव्यात? म्हणून कीड, पू, रूट कॅनल हे सगळं मी बाजूला ठेवते आणि एका छोट्याशा प्लास्टिकच्या पट्टीबद्दल लिहिते. त्या पट्टीनं मला जितकं हसवलं आणि जितकं थकवलं, तितकं दुसऱ्या कशानंच नाही.

मंचरला माझा दवाखाना आहे. ‘होता’ म्हणायचं की ‘आहे’ हे अजून ठरत नाही, कारण रोज सकाळी कुलूप मीच उघडते, पण दुपार झाली की मान आणि उजवा खांदा संपावर जातात. दातांचे डॉक्टर मानेपासून म्हातारे होतात. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे दुसरं काय होणार? आता गावात नवी मुलं आली आहेत, त्यांच्या दवाखान्यात गारवा असतो, गाणी लागतात, आणि त्यांना पेशंटवर चिडायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. माझी चिडायची ताकदसुद्धा संपत आली आहे.

तर ती पट्टी. काही माणसं झोपेत दातावर दात घासतात. आपण त्याला ‘दात खाणं’ म्हणतो. करकर असा आवाज येतो, शेजारच्याची झोप उडते आणि खाणारा मात्र गाढ झोपलेला असतो. सकाळी उठल्यावर त्याचा जबडा जड झालेला असतो, कानशिलं दुखतात आणि तो म्हणतो की ऊन लागलं किंवा पित्त झालं. वर्षानुवर्षं असं चाललं की दात झिजून सपाट होतात, गार-गरम झोंबायला लागतं, आणि एखाद्या दिवशी भाकरीच्या तुकड्यानं दाढेचा कोपरा तुटतो. मग माणूस माझ्याकडे येऊन भाकरीला दोष देतो.

अशा माणसाच्या दातांचं आम्ही माप घेतो. गुलाबी पिठासारखा लगदा तोंडात धरायचा, तो घट्ट झाला की काढायचा, त्यात प्लास्टर ओतून दातांचा नमुना बनवायचा आणि त्यावर टणक, पारदर्शक पट्टी तयार करून घ्यायची. ती रात्री वरच्या दातांवर बसवून झोपायचं. लोक तिला ‘गार्ड’ म्हणतात. ती दात खाणं थांबवत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण विसरतो. दात खायचे ते माणूस खातोच, फक्त दाताऐवजी पट्टी झिजते आणि आवाज बंद होतो. एवढंच तिचं काम.

या एवढ्याशा वस्तूचं लोकांनी काय काय केलं! आणे गावाहून एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. स्वच्छतेचे भारी भोक्ते. त्यांनी गार्ड कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या दिल्या आणि द्रोणासारखं वळलेलं ते माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “मॅडम, तुमचा माल हलका आहे.” नारायणगावचा एक टोमॅटोचा व्यापारी ते रात्री घालायचाच नाही. शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि बाजारात भाव फुटायच्या वेळेला तोंडात घालायचा. “मला रात्री कसला त्रास, ताई? मी तर मेल्यावानी झोपतो. दात तर मी हितं खातो,” असं म्हणून हसायचा. त्याचं काही चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही.

जुन्नरहून एक अत्तारचाचा आले होते. त्यांच्या बेगमना गार्ड दिलं होतं आणि रमजान लागला होता. पहाटेचं खाणं झाल्यावर त्या पुन्हा झोपायच्या. त्या वेळी गार्ड तोंडात असलं तर रोज्याला चालतं का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, “चाचा, मला फक्त दातांतलं कळतं. मौलानांना विचारा.” चाचा केविलवाणे होऊन म्हणाले, “मौलानांनीच तर पाठवलंय. ते बोलले, डॉक्टरीणबाईंना विचारून या.” शेवटी मीच त्यांना सांगितलं की कोरडं पुसून घालू द्या. मौलानांना गार्ड बघायचं असेल तर त्यांनाही घेऊन या, असंही म्हटलं. मौलाना कधी आले नाहीत, पण चाचांनी ईदला शीरखुर्मा पाठवला.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण पारगावच्या सिंधूबाईंची गोष्ट हसण्यावारी नेता आली नाही. नावं बदलली आहेत, गावं तशीच ठेवली आहेत, कारण ती बदलली तर गोष्टच उभी राहणार नाही.

सिंधूबाई नव्या सुनेला घेऊन आल्या तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. सून शिनोलीची, नाव वैष्णवी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, हातावरची मेंदी नुकती गेलेली. सासूचा आवाज माझ्या दवाखान्याला पुरून उरला असता.

“हिला ते तोंडातलं बसवा, डॉक्टरबाई. रातभर दात खाती. आमचे मालक दचकून उठत्यात.”

“कधीपासून?”

“आली तवापासून. आमच्या घरात कुणी असं केलं न्हाई कधी. झोपंत दात खाणारं माणूस घरावर डूख धरून असतं. कुणावर दात खाती ही, इचारा तिला.”

मुलगी मान खाली घालून उभी होती. तिला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि ‘आ कर’ म्हटलं. मी माणसांचे चेहरे विसरते, पण तोंडं विसरत नाही. वैष्णवीचे सुळे टोकदार होते. पुढच्या दातांच्या कडांवर नव्या दाताला असतात तशा बारीक लहरी अजून दिसत होत्या. दाढांचे उंचवटे जसेच्या तसे. झोपेत दात खाणाऱ्याच्या तोंडात हे टिकत नाही. तिच्या जबड्याचे स्नायू दाबून पाहिले, तर मऊ.

“सकाळी जबडा दुखतो का गं?”

“नाय.”

“घरात आवाज कुणाला येतो?”

“मामांना येतो.” मामा म्हणजे सासरे.

“आणि तुला?”

ती दिव्याकडे बघत राहिली.

मी मागे वळून सिंधूबाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. जबड्याचे कोपरे दोन्ही बाजूंनी फुगलेले, चेहरा चौकोनी. पदराखाली कपाळाला फडकं घट्ट बांधलेलं. मी विचारलं, “डोकं दुखतं का?” तर म्हणाल्या, “उठल्या उठल्या रोज. त्याचं काय येवढं.” बोलताना ओठ वर गेले तेव्हा मिसरीनं काळे पडलेले आखूड दात दिसले. मला पुढचं कळलं.

मी शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितलं. हिचे दात झिजलेले नाहीत, ही दात खात नाही, हिला गार्डची गरज नाही. आणि मग म्हटलं, “सिंधूबाई, तुम्ही बसा जरा खुर्चीत. तुमचं बघते.”

“माझं काय बघायचंय? माझे दात मिसरीनं झिजल्यात. आमच्याकडं समद्या बायांचे असेच.”

“मिसरीनं काळे होतात, हिरड्या खराब होतात. इतके सपाट होत नाहीत.”

“म्हंजी आवाज मी करती?” त्यांनी पदर खोचला. “मला ऐकू आला नसता व्हय माझा आवाज?”

“नाही येत. कुणालाच स्वतःचा येत नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सुनेनं मला आधीच फितवलंय. वैष्णवीला दंडाला धरून खुर्चीतून उठवलं. “आखाडाला जाऊ दे माहेरी. मग बघू, आणायची का न्हाई ती,” असं तिच्यासमोरच म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. कुणाचं तोंड जबरदस्तीनं उघडता येत नाही. कायद्यानं येत नाही आणि माझ्या खांद्यालाही ते झेपणारं नव्हतं.

थोड्या वेळानं वैष्णवी एकटीच परत आली. छत्री राहिली म्हणाली. छत्री घेतली आणि दाराशी थांबून हळूच विचारलं, “मॅडम, एकीच्या मापाचं दुसरीला बसतं का?”

“नाही बसत. प्रत्येकीचं वेगळं करावं लागतं.”

“बरं.” ती निघाली.

“तुला माहीत आहे ना कोणाचा आवाज आहे ते?” मी विचारलं. “मग सांगत का नाहीस?”

“मी सांगून कोण ऐकल, मॅडम? नवी हाय मी.” बाहेरून हाक आली तशी ती गेली.

ती गेल्यावर मला राग आला. सासूचा आला, वैष्णवीच्या नवऱ्याचा आला, जो पिकअप घेऊन रात्र रात्र भाजीच्या खेपा करत फिरायचा आणि जो माझ्या दवाखान्याची पायरी कधी चढलाच नाही. सगळ्यात जास्त राग माझ्या शिक्षणाचा आला. मुलीच्या तोंडात सरळ लिहिल्यासारखं दिसत होतं की ही निर्दोष आहे, आणि ते वाचता येणारी घरात एकही व्यक्ती नव्हती. त्या दिवशी मी संध्याकाळचे पेशंट घेतले नाहीत.

आमच्याकडे नवी सून आषाढात माहेरी जाते. तो पहिला आखाड तिच्या लाडाचा असतो. मग सासरकडचं कुणीतरी जाऊन तिला घेऊन येतं. वैष्णवी शिनोलीला गेली. आषाढ संपला, श्रावण लागला, तिला न्यायला पारगावहून कुणी गेलं नाही. शिनोलीची एक बाई दाढ दाखवायला आली होती, तिच्याकडून हे कळलं. “पोरीत खोट हाय म्हणत्यात,” असं ती म्हणाली. गावात एकदा हा शब्द फिरला की तो पुसायला जन्म जातो. मी विचारलं, काय खोट? तर म्हणाली, “रातीचं कायतरी करती म्हणं.” करकर आवाजाचं एवढं झालं होतं.

श्रावणातच एका सकाळी सिंधूबाई पुन्हा आल्या. या वेळी बरोबर त्यांचे मालक होते, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. आत यायला तयार नव्हते, बाकड्यावरच बसले. मी विचारलं तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं.

“डॉक्टरबाई, सून घरात न्हाई आणि आवाज हाय.”

मग थोडं थोडं करून बाकीचं सांगितलं. त्यांच्या घराला लागूनच ऊस. पूर्वी उन्हाळ्याचे ते अंगणात बाजेवर झोपायचे आणि सिंधूबाई वर्षभर गोठ्याच्या पडवीत, गुरांशेजारी. लग्नाच्या जरा आधी बिबट्यानं अंगणातून कालवड उचलली. तेव्हापासून बाहेर झोपणं बंद झालं. आमच्याकडे आता बऱ्याच घरांचं असंच आहे. काही गावांत तर माणसं रानात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. आप्पा पुढच्या खोलीत झोपायला लागले, सिंधूबाई मधल्या खोलीत. घरात पाव्हण्यांची गर्दी होती तोवर कुणाच्या कानावर काही आलं नाही. लग्न उरकलं, पाव्हणे गेले, मुलगा रात्री खेपांवर असायचा, मधल्या खोलीत सासू आणि सून अशा दोघीच उरल्या, आणि आप्पांना आवाज यायला लागला. सून नवी होती, आवाजही नवा होता. मग दोष कुणाचा, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

“आणि त्याआधी इतकी वर्षं?” मी विचारलं.

“गोठ्यात गुरं रवंथ करत्यात, बाई. त्यात हिचा आवाज कुणाला कळणार?”

मधल्या काळात त्यांच्या मुलानं मोबाईलवरून एक मऊ गार्ड मागवलं होतं, गरम पाण्यात बुडवून चावायचं असतं तसं. ते वैष्णवीला घालायला लावलं. तिनं मुकाट्यानं घातलं. आवाज आलाच. त्यावरून घरानं ठरवलं की पोरीचं दुखणं दाताचं नाही, मनातलं आहे. तिनं ते गार्ड आखाडाला जाताना धुऊन, पुसून कोनाड्यात ठेवलं होतं.

सिंधूबाई स्वतःहून खुर्चीत जाऊन बसल्या आणि तोंड उघडलं.

पुष्कळ तोंडं पाहिली मी. तरी क्षणभर हातातला आरसा तसाच राहिला. दात निम्म्याहून अधिक झिजलेले, वरचं कवच जाऊन आतला पिवळा भाग उघडा पडलेला. दाढा पाट्यासारख्या सपाट. एका दाढेला उभी चीर. ही झीज एका उन्हाळ्याची नव्हती. ही बाई गुरांशेजारी पडून अर्धा जन्म दात खात आली होती आणि रोज सकाळी डोक्याला फडकं बांधून चूल पेटवत होती.

“दुखत नव्हतं?”

“दुखायचं. सांगून काय व्हणार व्हतं?”

मी माप घेतलं. गुलाबी लगदा तोंडात असताना बोलता येत नाही. तो घट्ट होईपर्यंत त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहत होतं. लगदा काढल्यावर त्यांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “का खातं माणूस असं?”

खरं उत्तर असं आहे की आम्हाला नीट माहीत नाही. ताण असतो, झोप कच्ची असते, कुणाच्या घराण्यात असतं. मी एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझ्या सासूपुढं मी कधी तोंड उघडलं न्हाई. तसं कुणापुढंच न्हाई. वैष्णवी आली तवा पहिल्यांदा कुणाला तरी बोलायला लागले.” हे त्यांनी कुरकुर म्हणून सांगितलं नाही. मलाच ऐकवेना, म्हणून मी हातमोजे काढायला लागले.

गार्ड तयार होऊन आल्यावर मी ते बसवून दिलं. निळा कागद चावायला देऊन कुठं जास्त टेकतंय ते पाहिलं, घासून सारखं केलं. गार पाण्यानंच धुवायचं, डबीत ठेवायचं, कुत्र्या-मांजराच्या हाती लागू द्यायचं नाही, सगळं सांगितलं. दाढेला टोपी बसवावी लागेल म्हटलं. मिसरी सोडा म्हटलं, त्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे सोडणार नाहीत हे कळलं. जाताना म्हणाल्या, “शिनोलीला जाणार हाय. मीच जाते. पोराला धाडत न्हाई.” मला फार बरं वाटलं. या धंद्यात एखादं घर सांधल्यासारखं वाटण्याची वेळ क्वचित येते, आणि मी घरी जाऊन नवऱ्याला तसं बोललेही.

पोळा झाल्यावर त्या गार्ड दाखवायला आल्या. एकट्याच. डोक्याला फडकं नव्हतं. डोकेदुखी निम्म्यावर आली होती, आप्पांना आवाज येत नव्हता. मी खुशीत विचारलं, “आणि सून? आणली का?”

“गेले व्हते.” त्यांनी डबी मांडीवर धरून ठेवली होती. “तिचा बाप, चुलता, भावकीतली चार माणसं, समदी बसली व्हती. मी समद्यांपुढं सांगितलं, आवाज माझा व्हता. पोरीत खोट न्हाई. कुणी खरं मानंना, म्हून हे तोंडात घालून दाखवलं, म्हनलं, हे माझ्या मापाचं हाय, डॉक्टरबाईला इचारा.”

“मग?”

“मग ती बाहेर आली. पाया पडली माझ्या. मी म्हनलं, चल. तर म्हनली, आत्या, मला पहिल्या दिवसापासून ठाव व्हतं. तुमी उताणं झोपला की दात खायच्या, कुशीवर वळवलं की थांबायचं. मामांना ऐकू जाऊ नये म्हून मी रातभर तुमाला वळवत बसायची.”

मला त्या मुलीची खुर्चीतली मान आठवली, वर दिव्याकडे केलेली. ती गप्प राहून स्वतःला वाचवत नव्हती. ती सासूला झाकत होती, आणि सासू तिला घराबाहेर काढत होती.

“मी लई हात जोडले, बाई. म्हनलं, आता हे घालती मी, आता तुला जागायला नको. तर म्हनली, आत्या, तुमी आलात, समद्यांपुढं बोललात, माझं भरून पावलं. पण मी न्हाई येत. हितं मला झोप लागती.”

बाहेर पेशंट खोळंबले होते. सिंधूबाई डबी उघडत होत्या, मिटत होत्या.

“तुम्ही काय म्हणालात मग?” मी विचारलं.

“काय म्हननार? म्हनलं, झोप बाई.”